आजऱ्यात बायका जास्त, म्हणजे लेकी सुखरूप?

२०११ च्या जनगणनेत आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजरा तालुक्यात हजार पुरुषांमागे हजाराहून जास्त स्त्रिया आहेत. हातकणंगल्याचा आकडा बराच खाली. लगेच बोललं जातं, आजऱ्याकडं लेकींना जपतात, इकडं नाही. हे साफ चुकीचं आहे, कारण दोन वेगळी गुणोत्तरं एकच समजली जातात.

लिंग गुणोत्तर सगळ्या वयाच्या माणसांचं असतं. कोण पोटासाठी कुठं गेलंय, हेच त्यातून जास्त दिसतं. आजरा-चंदगडकडचा कर्ता गडी पिढ्यान्‌पिढ्या मुंबई गाठत आलाय. आधी गिरणीत, आता मिळेल त्या कामावर. मागं घरात सासू-सून आणि दावणीला म्हशी. भाताची लावण सूनच बघते, पहाटे संस्थेत दूधही तीच घालते. जनगणना माणसाला तो राहतो तिथं मोजते, म्हणून मुंबईकर झालेला लेक गावच्या आकड्यात येत नाही. हातकणंगल्यात उलटं. इचलकरंजीच्या मागांवर आणि शिरोलीच्या एमआयडीसीत परप्रांतातले तरुण एकटे येतात. पुरुष वाढले, गुणोत्तर उतरलं.

बाल लिंग गुणोत्तर फक्त ० ते ६ वयाचं. एवढी पोरं एकटी कामाला जात नाहीत, आणि आईबापांबरोबर गेली तर मुलगा-मुलगी दोघंही जातात. त्यामुळं पोटातच कोणाला नाकारलं, ते इथं उघडं पडतं. निसर्गतः हजार मुलग्यांमागे साधारण ९५० मुली जन्मतात. आपल्या जिल्ह्यात २००१ ला हा आकडा ८३९ होता, २०११ ला ८६३.

आता राज्याशी ताडून बघा. २०११ ला एकूण गुणोत्तरात कोल्हापूर ९५७, महाराष्ट्र ९२९, आपण पुढं. बाल लिंग गुणोत्तरात कोल्हापूर ८६३, महाराष्ट्र ८९४; आपण मागं. पाणी, ऊस, साखर कारखाने, ८१ टक्क्यांवर साक्षरता, सगळं असताना! मला तर वाटतं, हातात पैसा आल्यानं सोनोग्राफीपर्यंत पोचणं सोपंच झालं.

लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना इथल्या सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’, म्हणजे प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारी उपकरणं, बसवली गेली. पण २०११ ला मोजलेली बहुतेक मुलं त्याआधीच जन्मलेली होती, म्हणून ८६३ वरून त्या उपायाचं यश-अपयश ठरवता येत नाही. त्यासाठी नंतरच्या जन्मनोंदणीचे आकडेच तालुकावार काढून बघायला हवेत.