मूनस्टोन, चंद्रकांत आणि ‘रेनबो’चा घोळ: थोडी पार्श्वभूमी

मूनस्टोन मन शांत करतो, अंतर्ज्ञान वाढवतो, बायकांसाठी खास, नवीन सुरुवात करताना जवळ ठेवावा, हे सगळं आज ज्या यादीच्या रूपात वाचायला मिळतं ते मुख्यतः १९७० नंतरच्या क्रिस्टल हीलिंगच्या, म्हणजे खड्यांनी बरं करण्याच्या, लाटेतून आलंय. त्याच्या मुळाशी जुनी गोष्ट एकच, चंद्राशी असलेलं नातं. पहिल्या शतकातल्या एका रोमन लेखकाने अशा दगडाबद्दल लिहून ठेवलंय की त्यात चंद्राची प्रतिमा दिसते आणि ती कलेकलेने वाढते-घटते. पण त्याने ज्या ग्रीक नावाने तो दगड सांगितला ते नाव आज जिप्समच्या एका प्रकाराला आहे, म्हणजे नावांची अदलाबदल तेव्हापासूनचीच.

आपल्याकडे मूनस्टोनला चंद्रकांत म्हणतात. संस्कृत काव्यात आणि जुन्या मराठी ओव्यांतही चांदणं पडलं की पाझरणारा मणी तो हाच, कधी सोमकांत म्हणून येतो, आणि त्याच्या जोडीला सूर्यकांत असतोच. आता मूनस्टोन हा फेल्डस्पार या खनिजगटातला, तो काही केल्या पाझरत नाही, त्यामुळे कवींचा चंद्रकांत आणि आजचा खडा एकच असं छातीठोकपणे सांगणं मला पटत नाही, नाव नंतर जुळवलं गेलं असावं. ज्योतिषातही चंद्राचं मुख्य रत्न मोतीच, चंद्रकांत हे उपरत्न.

खडा म्हणून त्याची खरी ओळख पटायला १८ वं शतक उजाडलं. स्वित्झर्लंडमधल्या अ‍ॅड्युला डोंगरांवरून तिथल्या फेल्डस्पारला अ‍ॅड्युलॅरिया नाव पडलं आणि त्यावरूनच त्या तरंगत्या चमकेला अ‍ॅड्युलॅरेसेन्स म्हणतात. ही चमक नुसती पृष्ठभागावरची नसते. खनिज गरम असताना त्यात पोटॅशियमवाला आणि सोडियमवाला फेल्डस्पार एकजीव असतात, हळूहळू थंड होताना ते वेगळे होतात आणि एकाआड एक असे अतिशय पातळ पापुद्रे बनतात. प्रकाश त्या पापुद्र्यांवर विखुरतो, पापुद्रे पातळ असतील तर निळा दिसतो, जाड असतील तर पांढरा. एकाच दिव्याखाली खडा बोटांत धरून हळूच कलवा, निळा डाग घुमटावरून सरकत जातो, आणि खडा थांबला की तोही थांबतो. म्हणूनच याला पैलू न पाडता कॅबोशॉन म्हणजे गोल घुमटी आकार देतात. भिंगातून पाहिलं तर आत कधीकधी गोमेसारख्या बारीक भेगा दिसतात, ती अस्सलपणाची चांगली खूण.

१९०० च्या आसपास युरोपात आर्ट नूवो या कलाशैलीच्या दागिन्यांनी मूनस्टोन उचलून धरला, १९१२ मध्ये अमेरिकेतल्या ज्वेलर्सच्या संघटनेने जन्मरत्नांची यादी केली त्यात जूनसाठी मोत्याबरोबर तो आला (अलेक्झांड्राइट १९५२ मध्ये वाढवला). १९७० मध्ये फ्लोरिडाने त्याला राज्यरत्न केलं, कारण काय तर चांद्रमोहिमा तिथून उडाल्या, तो खडा तिथे सापडत नाही आणि चंद्रावरूनही आलेला नाही.

आता मुख्य भांडण, रेनबो मूनस्टोन. गेल्या काही दशकांत भारतातून पांढरा, पारदर्शकतेकडे झुकणारा, आत निळा-हिरवा-पिवळा असे अनेक रंग एकदम खेळवणारा खडा बाजारात आला आणि त्याला हे नाव चिकटलं. पण तो लॅब्राडोराइट आहे. घराणं फेल्डस्पारचंच पण शाखा वेगळी, मूनस्टोन ऑर्थोक्लेज (पोटॅशियमवाला) आणि अल्बाइट (सोडियमवाला) यांच्या पापुद्र्यांचा, हा प्लॅजिओक्लेजचा, म्हणजे सोडियम-कॅल्शियमवाल्या फेल्डस्पारचा. अपवर्तनांक (खड्यात शिरताना प्रकाश किती वळतो त्याचं माप) मूनस्टोनचा साधारण १.५२, याचा १.५६ च्या आसपास, घनतेतही फरक पडतो, २.५७ विरुद्ध २.७०. आणि यात बऱ्याचदा टूर्मलिन या दुसऱ्या खनिजाचे काळे ठिपके असतात. नाव चुकीचं आहे यात शंका नाही, तरी व्यापारी म्हणतात की लोक चमक बघून घेतात, खनिजशास्त्र बघून नाही, आणि घराणं तर एकच आहे. हे मला मान्य नाही. रंगांचा खेळ आवडणं वेगळं आणि श्रीलंकेतल्या मीटियागोडाच्या निळ्या मूनस्टोनचं नाव दुसऱ्याला देणं वेगळं, तो निळा आज दुर्मिळ झालाय आणि त्याच नावाने दुसरं खपतंय यात नुकसान घेणाऱ्याचंच आहे. तमिळनाडूतले करडे, पीच रंगाचे मूनस्टोन खरे ऑर्थोक्लेजचे असूनही रेनबोपुढे मागे पडतात, याचं मला खूप वाईट वाटतं. आता एवढं मात्र खरं की चंद्राच्या उंच भागातला खडक, अपोलो मोहिमांनी आणलेला, प्लॅजिओक्लेजनेच भरलेला आहे, म्हणजे चंद्राशी खनिजाचं नातं शोधायचंच तर ते रेनबोच्या शाखेकडे जातं. तरी लेबलवर लॅब्राडोराइट लिहावं, पुढे रेनबो मूनस्टोन कंसात चालेल.

दोन्हींची कठीणता ६ ते ६.५, आणि दोन दिशांना सहज चिरतात, त्यामुळे अंगठीपेक्षा पेंडंट किंवा कानातलं बरं, अल्ट्रासॉनिक क्लीनर टाळा, कोमट साबणपाणी आणि मऊ ब्रश पुरे. अलीकडे ओपलाइटही मूनस्टोन म्हणून विकतात, तो सरळ काच आहे. त्यात निळसर झाक असते आणि प्रकाशासमोर धरला की नारिंगी दिसतो, पण कलवल्यावर सरकणारा डाग मात्र नसतो.