कचरा संकलनाच्या पुरवठा साखळीतील वेठबिगारी व तिचा प्रतिबंध (मुंबई)

कचरा उचलणारी, वाहून नेणारी किंवा त्याचे वर्गीकरण करणारी कंपनी, तिचे कंत्राटदार व पोटकंत्राटदार, तिला माणसे, गणवेश, हातमोजे पुरवणारे आणि तिच्याकडचे भंगार विकत घेणारे, या सर्वांकडे कोणी कर्ज, धाक, फसवणूक किंवा अडकवून ठेवलेली मजुरी यांमुळे काम सोडूच शकत नाही अशा अवस्थेत नाही ना, हे तपासण्याची आणि तसा कोणी आढळल्यास त्याची सुटका व भरपाई करण्याची व्यवस्था. जगभरच्या कंपन्यांच्या अहवालांत हा विषय ‘आधुनिक गुलामगिरी’ या नावाने येतो. भारतीय कायद्यात त्याचा मोठा भाग वेठबिगारी निर्मूलनाखाली मोडतो.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटना, गुलामगिरीविरोधात काम करणारी वॉक फ्री ही संस्था आणि आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटना यांच्या अंदाजानुसार 2021 मध्ये जगात सुमारे 5 कोटी माणसे या अवस्थेत होती. त्यांपैकी 2.76 कोटी सक्तीच्या मजुरीत आणि उरलेली सक्तीच्या विवाहात होती. ब्रिटनच्या 2015 च्या कायद्यातील कलम 54 नुसार वर्षाला 3.6 कोटी पौंड किंवा त्याहून जास्त उलाढाल असलेल्या कंपनीला आपल्या साखळीविषयी दरवर्षी निवेदन प्रसिद्ध करावे लागते. ऑस्ट्रेलियाने 2018 मध्ये असाच कायदा केला. तिथे मर्यादा 10 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर आहे. भारतात असा स्वतंत्र कायदा नाही. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने मात्र 2022-23 पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या 1000 सूचिबद्ध कंपन्यांना जबाबदारी व शाश्वतता अहवाल सक्तीचा केला आहे आणि त्यात सक्तीच्या मजुरीच्या तक्रारींचा रकाना आहे. त्या रकान्यात बहुधा ‘शून्य’ भरून मोकळे होता येते, कारण तक्रार करणाऱ्याला कंपनीचे नावच माहीत नसते. त्याला मुकादम माहीत असतो.

कचऱ्याच्या धंद्यात हा धोका का वाढतो, याचे उदाहरण ब्रिटनमध्येच घडले. पोलंडमधील बेघर, व्यसनाधीन आणि तुरुंगातून सुटलेल्या माणसांना कामाचे आमिष दाखवून वेस्ट मिडलँड्स भागात आणणाऱ्या टोळीतील आठ जणांना दोषी ठरवल्याची माहिती 2019 मध्ये जाहीर झाली. बळींची संख्या चारशेच्या वर असल्याचा अंदाज होता. त्यांतले बरेचजण कचरा पुनर्चक्रण केंद्रांवर आणि शेतांवर राबत होते. त्यांच्या नावाने बँकेत खाती उघडली जात आणि खाती टोळी चालवी. कागदोपत्री प्रत्येकाला पगार मिळत होता. निवेदन मागणारा कायदा असलेल्या देशात, शिरगणती होणाऱ्या कारखान्यांत हे चालले होते.

मुंबईतील साखळी. शहरात रोज सहा ते सात हजार टन कचरा निघतो. तो उचलण्याची जबाबदारी बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या घनकचरा व्यवस्थापन खात्याची आहे. कायम कामगार हजेरी चौकीवर हजेरी लावून कामाला जातात. त्यांच्याच शेजारी, त्याच रस्त्यावर, कंत्राटी माणसे झाडू मारतात आणि गाडी भरतात. कंत्राटी कामाची एक रीत इथे ‘हैदराबाद पॅटर्न’ म्हणून ओळखली गेली. कंत्राटी कामगार कायदा वीस किंवा अधिक कामगारांना लागू होत असे, म्हणून काम वीसच्या आतील तुकड्यांत वाटायचे, ते संस्थांना द्यायचे, कामगाराला ‘स्वयंसेवक’ म्हणायचे आणि त्याच्या मजुरीला ‘मानधन’. स्वयंसेवकाला किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, भरपगारी रजा यांतले काही लागू होत नाही. पहाटे गटारीतला गाळ उपसणारा माणूस स्वेच्छेने समाजसेवा करतो, हे मानायला सरकारी फायलीचीच श्रद्धा लागते.

कचरा वाहतूक श्रमिक संघाने याविरुद्ध दीर्घ लढा दिला. सुमारे 2700 कामगारांच्या प्रकरणात औद्योगिक न्यायाधिकरणाने 2014 मध्ये कंत्राट हा निव्वळ देखावा असून हे महापालिकेचेच कामगार आहेत असा निवाडा दिला. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2017 मध्ये तो कायम ठेवला. पुढे अंमलबजावणीत अडचण आली ती नावांची. यादीत एक नाव, आधार कार्डावर दुसरे. कुठे आडनावाचे स्पेलिंग वेगळे, कुठे वडिलांचे नाव गाळलेले. नोंदी ठेवल्या होत्या कंत्राटदारांनी आणि त्या चुकल्याचा भुर्दंड बसला कामगारांना. पुरवठा साखळीची तपासणी हजेरीपटावरच्या नावापासून का सुरू करावी, हे या प्रकरणातून दिसते.

हा सारा भाग निदान कागदावर तरी आहे. साखळीचा दुसरा पदर कागदावर येतच नाही. कचरा वेचणारा, म्हणजे वेचक, सुका माल गोळा करतो आणि वस्तीतल्या भंगारवाल्याच्या काट्यावर घालतो. तिथून तो गोडाऊनवाल्याकडे जातो आणि पुढे बराचसा धारावीच्या तेरा कंपाउंडमध्ये, जिथे प्लॅस्टिकची प्रतवारी होते, ते धुतले जाते, दळले जाते. उत्पादकांवर प्लॅस्टिक परत घेण्याची जबाबदारी आल्यापासून मोठ्या कंपन्यांचे पुनर्चक्रणाचे दाखले याच मालावर उभे राहतात. देवनारच्या कचराभूमीवर 1927 पासून कचरा पडतो आहे. जानेवारी 2016 मधील मोठ्या आगीनंतर तिथल्या प्रवेशावर कडक बंधने आली. आत शिरणेच जिथे कोणाच्या तरी मेहेरबानीवर अवलंबून असते, तिथे ती मेहेरबानी करणारा मालाचा भावही ठरवतो.

बांधले जाणे कसे घडते. साखळदंड कुठे दिसत नाहीत. दिसते ती मुकादमाची वही. नावापुढे हजेरी, खाडे, खर्ची, उचल असे रकाने. उचल गावाहून निघतानाच घेतलेली असते: आजारपण, लग्न, आधीचे देणे. ऊसतोड आणि वीटभट्टीच्या टोळ्यांमुळे ही रीत महाराष्ट्राच्या चांगल्या ओळखीची आहे. खर्ची म्हणजे आठवड्याला हातावर ठेवलेले पोटापुरते पैसे. खोलीचे भाडे, गमबूट, गणवेश हेही त्याच वहीत चढते. महिनाअखेर हिशेब होतो तेव्हा उचल फिटत नाही, उलट कधी वाढलेली असते. सणाला गावी जायचे तर बायको किंवा भाऊ मागे राहतो. मजुरी बँकेत जमा करण्याची सक्ती आली, त्यावरही तोडगा निघाला: खाते कामगाराचे, एटीएम कार्ड मुकादमाच्या खिशात, किंवा पूर्ण रक्कम जमा करून त्यातले काही हजार त्याच संध्याकाळी रोख परत घ्यायचे. ऑडिटमध्ये बँकेची नोंद स्वच्छ दिसते.

कायद्याचा आधार. संविधानाचे कलम 23 माणसांचा व्यापार, बिगार आणि सक्तीची मजुरी यांना मनाई करते. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स विरुद्ध भारत संघ या 1982 च्या निकालात, आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या संदर्भात, सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणे हीसुद्धा सक्तीची मजुरीच, असे ठरवले. गरिबीचा रेटा हीही सक्तीच. हे लक्षात घेतले तर ‘मानधना’चा प्रश्न केवळ कामगार कायद्याचा उरत नाही.

वेठबिगारी पद्धती निर्मूलन अधिनियम 1976 मध्ये आला. त्याची व्याख्या वाटते त्यापेक्षा बरीच रुंद आहे. आगाऊ रकमेपोटी काम सोडण्याचे किंवा कुठेही जाण्याचे स्वातंत्र्य गमावणे यात येतेच, पण आपल्या श्रमाचा माल बाजारभावाने विकण्याचा हक्क गमावणेही येते. भंगारवाल्याकडून पैसे उचलले म्हणून सगळा माल त्याच्याच काट्यावर, तो देईल त्या भावाने घालणारी वेचक बाई या व्याख्येत बसू शकते. अशी प्रकरणे या कायद्याखाली क्वचितच नेली जातात, ही बाब निराळी. कायद्यानुसार कर्ज आपोआप रद्द होते, ते वसूल करणे गुन्हा ठरते आणि कर्ज वेठबिगारीचे नव्हते हे सिद्ध करण्याचा भार सावकारावर असतो. अंमलबजावणी जिल्हाधिकाऱ्याकडे आणि दक्षता समित्यांकडे असते. मुंबईत शहर व उपनगर असे दोन जिल्हे आहेत आणि देवनार उपनगरात मोडते. मुक्ती प्रमाणपत्र, म्हणजे वेठबिगारीतून सुटल्याचा सरकारी दाखला, मिळालेल्या कामगाराला 2016 च्या केंद्रीय योजनेत प्रौढ पुरुष असल्यास 1 लाख, स्त्रिया व मुलांना 2 लाख आणि अत्यंत गंभीर शोषणात 3 लाख रुपयांची तरतूद केली गेली. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि कंत्राटी कामगार, किमान वेतन वगैरे जुने कायदे त्यांत विलीन झाले. वेठबिगारीचा कायदा स्वतंत्रच राहिला. कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदींची मर्यादा नव्या संहितेत 50 आहे, म्हणजे लहान तुकड्या पाडण्याचा जुना मोह संपलेला नाही.

प्रतिबंध. कंपन्या प्रथम पुरवठादार आचारसंहिता छापतात आणि सही घेतात. सही करणारा कंत्राटदार ती वाचतो की नाही हा प्रश्न गौण, कारण गडबड निविदेच्या दरातच असते. किमान वेतनावर भविष्य निर्वाह निधीचा मालकाचा वाटा 12 टक्के, कामगार राज्य विम्याचा 3.25 टक्के आणि किमान बोनस 8.33 टक्के धरला, तर नफा, रजेची बदली माणसे, बूट-हातमोजे जमेस धरण्याआधीच सुमारे एक चतुर्थांश खर्च वर चढतो. निविदेचा दर भागिले माणसे हा भागाकार याच्या खाली आला, तर उरलेले पैसे कोणाच्या तरी मजुरीतून निघणार हे उघड आहे. शिवाय महाराष्ट्रात किमान वेतनातला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो. कंत्राट चार-पाच वर्षांचे आणि दर गोठलेला असेल तर दुसऱ्या वर्षापासूनच तफावत पडते. म्हणून भत्त्यातली वाढ आपोआप भरून देणारे कलम कंत्राटात असणे, हे कोणत्याही प्रशिक्षण शिबिरापेक्षा जास्त उपयोगाचे.

दुसरी गोष्ट पैशाची वाट. जुन्या कंत्राटी कामगार कायद्यात मजुरी मूळ मालकाच्या, म्हणजे कंत्राट देणाऱ्याच्या, प्रतिनिधीसमोर देण्याची अट होती. ती सहीपुरती उरली. याच शहरात त्याहून पक्की व्यवस्था उभी राहिली आहे. 1969 च्या माथाडी कायद्यानुसार मालक मजुरी आणि त्यावरची लेव्ही (कामगारांच्या लाभांसाठीची जादा रक्कम) माथाडी मंडळात भरतो आणि मंडळ ती कामगाराला देते. टोळीवाल्याच्या हातात मजुरीची नाडी राहत नाही. कचऱ्याच्या कंत्राटांना हा साचा का लावला गेला नाही, याचे समाधानकारक उत्तर प्रशासनाकडून आलेले दिसत नाही.

तपासणीही जागा आणि वेळ पाहून करावी लागते. कार्यालयात, मुकादमाच्या देखत विचारले तर सगळे आलबेल असते. पाळी सुटल्यावर, चहाच्या टपरीवर, कामगाराच्या भाषेत आणि बायकांशी बाईनेच बोलल्यास खरी माहिती मिळते. विचारायचे प्रश्न साधे आहेत: एटीएम कार्ड आत्ता कुठे आहे? शेवटचे पैसे स्वतः कधी काढले? उचल किती आणि ती वहीत कोण लिहितो? उद्या काम सोडले तर काय होईल?

भंगाराच्या पदरात मात्र धाडी आणि हकालपट्टीने नुकसानच होते. स्वतःच्या मर्जीने वेचणारी बाई वेठबिगार नव्हे; तिला हाकलले की ती आणखी अवघड अटींवर दुसऱ्या काट्याकडे जाते. तिला ओळखपत्र, वर्गीकरणाची जागा आणि एकाहून अधिक खरेदीदार मिळाले की उचलीची पकड सैल होते. मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेचे परिसर भगिनींसोबतचे, म्हणजे कचरा वेचणाऱ्या स्त्रियांसोबतचे, काम आणि पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून 2008 मध्ये आकाराला आलेली ‘स्वच्छ’ सहकारी संस्था याच वाटेने गेल्या. घनकचरा व्यवस्थापन नियम 2016 नेही वेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली.

हातमोजे, गणवेश, झाडू यांच्या खरेदीकडे सहसा कोणी पाहत नाही. मलेशियातील एका बड्या कंपनीचे रबरी हातमोजे अमेरिकेने जुलै 2020 मध्ये सक्तीच्या मजुरीच्या संशयावरून अडवले होते. तिथले स्थलांतरित कामगार नोकरीसाठी दलालांना दिलेल्या पैशांच्या कर्जात बुडाले होते. कंपनीने पुढे ते पैसे कामगारांना परत केले आणि सप्टेंबर 2021 मध्ये बंदी उठली.

शोषण उघडकीला आल्यावर कंपन्या तडकाफडकी कंत्राट रद्द करतात. त्याने कंपनीचे नाव वाचते, पण कामगाराची थकलेली मजुरी बुडते आणि टोळी दुसऱ्या नावाने दुसऱ्या वॉर्डात उभी राहते. कंत्राटदाराने पैसे दिले नाहीत तर ते देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, आणि परवान्यापोटी ठेवलेल्या अनामत रकमेतून मजुरी भागवण्याचा आदेश सरकार देऊ शकते, अशी तरतूद नव्या संहितेत आहे. त्यामुळे आधी थकबाकीचा हिशेब, मग मुक्ती प्रमाणपत्रासाठी जिल्हाधिकाऱ्याकडे अर्ज, त्याच कामगारांना पुढच्या कंत्राटात सामावून घेण्याची लेखी हमी, आणि त्यानंतरच कंत्राट रद्द, असा क्रम कामगार संघटना धरतात.