रेडिओवर जाहिरात देण्याआधी वाचून घ्या

आमच्या जाहिरातीच्या दुकानात आलेला माणूस बसायच्या आत विचारतो, "रेडिओवरच्या जाहिरातीचं किती पडते?" भाव आम्ही सांगतोच, पण त्याआधी विचारतो की तुमचं गिऱ्हाईक कोणकोणत्या गावचं? काही जण त्यानं वैतागतात. रेडिओवरची जाहिरात आपल्या भागात कशी आली हे कळलं, की आम्ही गावांची नावं का विचारतो तेही कळेल. म्हणून हा कागद छापला आहे.

आकाशवाणीचं नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ ला सुरू झालं. तेव्हा घरात रेडिओ ठेवायला सरकारी परवाना लागे आणि त्याची फी पोस्टात भरावी लागे. आमच्या आजोबांचं ते तिकिटं चिकटवलेलं पुस्तक अजून गल्ल्यात आहे, कोणी मागितलं तर दाखवतो. जाहिरातीला मात्र आकाशवाणीवर जागाच नव्हती. १९५२ मध्ये सिनेमाच्या गाण्यांचंही तेच झालं. तेव्हाचे नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर यांना ती गाणी पसंत नव्हती. मग टूथपेस्टवाल्यांनी आपला गाण्यांचा कार्यक्रम थेट कोलंबोला नेला, आणि १९५२ पासून 'बिनाका गीतमाला' रेडिओ सिलोनवरून सारा देश ऐकू लागला. ऐकणारे इथले, माल इथला, पैसा मात्र समुद्रापार.

सरकारनं ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती काढली. तिच्यावर जाहिराती यायला आणखी दहा वर्षं गेली. १ नोव्हेंबर १९६७ ला त्या सुरू झाल्या त्या मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवर. आकाशवाणीवर पैसे भरून जाहिरात लावण्यात विदर्भ पहिल्या पंगतीत बसला होता, हे आम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. थोडा अभिमान आहे, लपवत नाही.

एफएम देशात १९७७ मध्ये मद्रासला आलं, तेही सरकारीच. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रेडिओ लहरी ही जनतेची मालमत्ता आहे असा निकाल दिला आणि खासगी स्टेशनांची वाट मोकळी झाली. २००१ मध्ये बंगळूरला पहिलं खासगी एफएम वाजलं. पण परवान्यांच्या त्या पहिल्या फेरीत लिलावात बोललेली फी दरवर्षी १५ टक्क्यांनी चढायची, धंदा होवो की न होवो. मक्त्याच्या वावरासारखंच, पिकलं नाही तरी मक्ता द्यावाच लागतो. बऱ्याच जणांनी बोली लावूनही स्टेशन काढलंच नाही. २००५ मध्ये धोरण बदललं. एकदाच प्रवेश फी आणि पुढे मुख्यतः उत्पन्नाच्या ४ टक्के, असा हिशोब झाला, तेव्हा कुठे लहान शहरं परवडू लागली. नागपूरसोबत अकोल्यातही खासगी एफएम आलं ते या दुसऱ्या फेरीमुळे.

तालुक्याच्या गावात स्टेशन का नाही, याचं उत्तरही इथेच आहे. लिलाव शहरांचा होतो, त्यामुळे यादीत नाव नसेल तर पैसे असूनही स्टेशन काढता येत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रानं २३४ नव्या शहरांना मंजुरी दिली. त्यात अचलपूर, वर्धा, यवतमाळ, गोंदिया, चंद्रपूर ही आपली नावं आहेत. मंजुरी म्हणजे स्टेशन नव्हे, एवढं लक्षात असू द्या. कोणी नव्या स्टेशनच्या नावानं आगाऊ पैसे मागत असेल, तर आधी रेडिओ लावून पाहा.

आता मुद्द्याचं. नागपूर केंद्राची मध्यम लहर (मीडियम वेव्ह) जमिनीला धरून लांब जाते. एफएमचं तसं नाही. ते टॉवरपासून सरळ रेषेत जातं. मधे टेकडी आली की पलीकडच्या गावात खरखर. सपाट वऱ्हाडात ते बरंच पुढे येतं, पण मेळघाटाच्या दऱ्यांत त्याचा भरवसा धरू नका. म्हणून आम्ही गावांची यादी मागतो. पैसे भरण्याआधी एक साधा रेडिओ किंवा एफएम असलेला मोबाइल घेऊन त्या गावांत एक चक्कर मारा. मोबाइलला इअरफोनची वायर लावा, तीच अँटेना असते. पानठेल्यावर उभं राहून ऐका, घरात आणि चालत्या ट्रॅक्टरवरही ऐका.

भाव दहा सेकंदांचा असतो, वर १८ टक्के जीएसटी. दहा सेकंदांत मराठीतले वीस-बावीस शब्द नीट बसतात. तेवढ्यात दुकानाचं नाव, सात योजना, मालकाचं नाव आणि दोन मोबाइल नंबर बसवायचा हट्ट धरू नका.

आमची एक चूक सांगतो. सुरुवातीच्या काळात एका कृषी केंद्राची जाहिरात आम्ही केली. आवाज गोड, भाषा पुस्तकी: "आपल्या शेतातील कपाशीसाठी." पत्ता दिला "बसस्टँडजवळ". स्टेशन पाच-सहा तालुक्यांत ऐकू जायचं आणि बसस्टँड प्रत्येक तालुक्यात! मालकानं पोळ्याच्या दिवशी येऊन चांगलीच खरडपट्टी काढली. दुसऱ्यांदा पैसे न घेता केली. या वेळी "वावर" आणि "पऱ्हाटी" म्हटलं, गावाचं नाव दोनदा घेतलं. तेव्हापासून प्रत्येक जाहिरात आधी शेजारच्या चहावाल्याला ऐकवतो. त्याला पत्ता सांगता आला, तरच स्टेशनला पाठवतो.

काही गोष्टी मागू नका, होणार नाहीत. "उद्घाटनाची बातमी लावून द्या" असा आग्रह नेहमी होतो. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं. दारू-तंबाखूची जाहिरात चालत नाही. साखर, मूळव्याध मुळापासून बरी करण्याची हमी देणारे वैद्यही आमच्याकडे येतात, त्यांना आम्ही चहा पाजून परत पाठवतो.

वेळेचं विचाराल तर बी-बियाणं, खतवाल्यांनी मृग लागायच्या आधीचे पंधरा दिवस धरावेत, सकाळची वेळ घ्यावी. कापडवाल्यांना दिवाळी सांगायला नको. पण दिवाळीच्या जागा लवकर भरतात, तेव्हा दसऱ्याआधीच या. येताना गावांची यादी, दुकानाचं बिलबुक आणि जीएसटी नंबर आणा. मजकूर लिहून आणायची गरज नाही. गिऱ्हाइकाला काउंटरवर जसं सांगता तसं आमच्यासमोर बोला, आम्ही उतरवून घेतो.