शनिवारच्या शनिवारी तिरकिट

आमच्या सोसायटीत तबल्याचा क्लास चालतो. दिवाळी संपली की सरांच्या मोबाईलवर ठरलेले मेसेज सुरू होतात : ‘सर, स्कॉलरशिप आहे, तोवर क्लास बंद ठेवतोय.’ काहीजण क्लास बंद करत नाहीत. मूल दर शनिवारी येतं, पण मधले सहा दिवस डग्ग्यावरचं कव्हरसुद्धा निघत नाही. सरांना ही दुसरी मंडळी जास्त छळतात. ‘धाधा तिरकिट धाधा तूना’ हा सुरुवातीचाच कायदा, म्हणजे बोलांची ठरलेली रचना, पण पाचवीतला एक मुलगा दोन महिने तिरकिटपाशीच अडखळतोय. ति आणि र उजव्या हाताच्या वेगवेगळ्या बोटांनी, कि डाव्या तळव्याने, ट पुन्हा उजव्याने. बोल त्याला तोंडपाठ आहेत. बोटं मात्र दर अक्षराला थांबून विचारतात, आता कोण?

हात ‘बसतो’ म्हणजे हे विचारणं थांबतं. ते कधी थांबतं, याचा एक भाग झोपेचे संशोधक मॅथ्यू वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये हार्वर्डला दाखवला. उजखोऱ्या माणसांना डाव्या हाताने ४-१-३-२-४ असा कीबोर्डच्या कळांचा क्रम जमेल तितक्या भरभर दाबायला सांगितलं. सकाळी शिकून दिवसभर जागे राहिलेल्यांचा वेग रात्रीपर्यंत फारसा वाढला नाही. एक झोप झाल्यावर मात्र तो सुमारे २० टक्क्यांनी वाढला, मधे बोटही न हलवता. ज्यांना झोपेचा एक विशिष्ट हलका टप्पा जास्त मिळाला, त्यांची प्रगती जास्त होती. त्यातही रात्रीच्या शेवटच्या प्रहरातला. पहाटे पाचला पाठांतराचा गजर लावतात तो हाच प्रहर.

पण हे झाले मोठे. लहान मुलांवर असे प्रयोग केले, तेव्हा झोपेचा हा फायदा दिसेचना, आणि संशोधक चक्रावले. मग २०१२ मध्ये जर्मनीतल्या यान बॉर्न यांच्या गटाने चार ते सहा वर्षांच्या मुलांना बटणांचा एक क्रम शिकवला. जुजबी सराव करून झोपलेल्यांना झोपेने काहीच दिलं नाही. ज्यांच्याकडून आधी भरपूर घोटून घेतलं, त्यांच्या बाबतीत मात्र झोपेने पुढचं काम केलं. बटणं म्हणजे तबला नव्हे, हे कबूल. तरी शनिवारचं कोडं मला इथे सुटल्यासारखं वाटतं. आठवड्यातून एकदा वाजवणाऱ्या मुलाचा हात झोपेच्या कामी येण्याइतका तयारच होत नाही. आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप हवी असं झोपतज्ज्ञ सांगतात. ट्यूशन, गृहपाठ आणि सराव-पेपर यांतून ती कुठून उरणार?

अशा वेळी क्लासवाले एक हुकमी पान टाकतात : ‘संगीताने गणित सुधारतं.’ टाकू नये. २०२० मध्ये जोव्हान्नी साला आणि फर्नांड गोबे या मानसशास्त्रज्ञांनी ५४ अभ्यास, जवळपास ७ हजार मुलं, एकत्र तपासली. अभ्यास जितका काटेकोर, तितका बुद्धीवर किंवा मार्कांवर होणारा परिणाम शून्याकडे सरकत गेला. शिवाय गणितासाठी तबला लावला, तर गणिताची परीक्षा आली की तबला जाणारच. मालकासाठी नोकराने जागा सोडावी तसा. दहावीला शास्त्रीय गायन-वादनाच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात, त्यातूनही हेच होतं. मूल परीक्षेचे चार कायदे रटतं आणि मार्क मिळाले की तबला माळ्यावर जातो.

सरांनी यंदा तासाभराच्या रियाजाचा आग्रह सोडलाय. रोज दहा मिनिटं, झोपायच्या आधी, फक्त तिरकिट, एवढंच त्यांनी त्या मुलाच्या आईला सांगितलं. मी तिथेच होतो. त्या जरा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “सर, साडेदहाला त्याचा गृहपाठ संपतो. तेव्हा वाजवलं तर खालचे ओरडतील.”

सर म्हणाले, “मग उशीवर वाजवू दे.”