मोजणीचे ठोकळे

दीड ते चार वर्षांच्या मुलांना रचता, पाडता, जुळवता आणि त्या ओघात मोजता यावेत अशा बेताने घडवलेल्या लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांना मोजणीचे ठोकळे म्हणतात. बाजारात या नावाखाली दोन वेगळ्या वस्तू मिळतात आणि निवडीतला बहुतेक घोटाळा तिथेच होतो. एका प्रकारात प्रत्येक ठोकळ्यावर १, २, ३ असे अंक छापलेले असतात. दुसऱ्या प्रकारातले ठोकळे कोरे, पण एकमेकांशी मापाने बांधलेले असतात. पहिल्यातून मूल अंकाची खूण ओळखायला शिकते, दुसऱ्यातून संख्या. ‘५’ ही खूण ओळखता येणे आणि पाच म्हणजे किती हे कळणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत आणि लहान वयात दुसरीला अग्रक्रम द्यायला हवा. शिवाय ‘५’ लिहिलेला ठोकळा मोजायला घेतला तर तो एकच भरतो. नुकत्याच मोजू लागलेल्या मुलाला ही विसंगती अडखळवू शकते.

अडीच वर्षांच्या मुलापुढे पाच ठोकळे ओळीने मांडले, तर ते एकेका ठोकळ्यावर बोट टेकवत ‘एक, दोन, तीन, चार, पाच’ म्हणत जाते. कधी एकाच ठोकळ्यावर दोनदा बोट पडते, कधी बोट पुढे सरकते आणि शब्द मागे राहतो. मोजून झाल्यावर ‘मग किती आहेत?’ असे विचारले, की ‘पाच’ न म्हणता ते बहुधा पुन्हा पहिल्या ठोकळ्यापासून सुरुवात करते, कारण त्याच्या लेखी ‘किती’चे उत्तर म्हणजे मोजण्याची कृतीच असते. रॉशेल गेलमन आणि सी. आर. गॅलिस्टेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मोजणीमागची पाच तत्त्वे मांडली: एका वस्तूला एकच शब्द, शब्दांचा क्रम ठरलेला, शेवटचा शब्द म्हणजे एकूण संख्या, कोणत्याही वस्तू मोजता येणे आणि कुठूनही सुरुवात केली तरी उत्तर तेच येणे. यांतले तिसरे तत्त्व उशिरा आणि कष्टाने उमजते. कॅरेन विन यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात ‘मला तीन दे’ अशा साध्या मागणीतून मुलांची समज तपासली. दहापर्यंत घडाघडा म्हणणारी मुलेही वस्तू द्यायची वेळ आली की मूठभर उचलून देतात, असे त्यात दिसले. मूल आधी ‘एक’ अचूक देते, काही महिन्यांनी ‘दोन’, मग ‘तीन’, आणि त्यानंतर केव्हातरी मोजून हवे तितके देण्याची युक्ती त्याला एकदम सापडते. हा प्रवास साधारणपणे अडीच ते चार वर्षांच्या दरम्यान होतो. म्हणून घरातल्या मोठ्यांनी मुलाच्या तोंडच्या आकड्यांवरून नव्हे, तर त्याने उचलून दिलेल्या ठोकळ्यांवरून त्याची समज जोखावी.

मणी, बिया किंवा चित्रे यांपेक्षा ठोकळा या कामाला अधिक सोयीचा ठरतो, कारण तो घरंगळत नाही, एका हातात मावतो आणि मोजून झाल्यावर बाजूला सरकवता येतो. मोजलेला गठ्ठा आणि राहिलेला गठ्ठा वेगळा दिसला की स्मरणावरचा भार हलका होतो. ठोकळ्यावर ठोकळा चढवला की संख्या उंचीत उतरते. चारचा मनोरा तीनच्या मनोऱ्यापेक्षा उंच आहे हे मोजता न येणाऱ्या मुलालाही दिसते. साधारणपणे दीड वर्षाचे मूल तीन-चार आणि दोन वर्षांचे मूल सहा-सात ठोकळ्यांचा मनोरा रचू लागते, म्हणजे हाताची तयारी मोजणीच्या आधीच झालेली असते. मराठीत या वस्तूचे नावही मदतीला येते. ‘एक दगड, दोन दगड’, ‘एक मणी, दोन मणी’ यांत नामाचे रूप बदलत नाही. ‘एक ठोकळा, दोन ठोकळे’ यात मात्र एक आणि अनेक यांतला फरक बोलण्यातच कानावर पडतो. ‘गोटी-गोट्या’ आणि ‘चिंचोका-चिंचोके’ यांचेही तसेच आहे, पण गोट्या आणि चिंचोके तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाती देऊ नयेत.

शिक्षणाचे साधन म्हणून ठोकळ्यांची विचारपूर्वक मांडणी प्रथम फ्रीड्रिख फ्रबेल या जर्मन शिक्षकाने केली. त्याने १८३७ मध्ये बाड ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे बालोद्यान, हे नाव दिले. मुलांच्या हाती क्रमाने द्यायच्या खेळसाहित्याला तो ‘देणग्या’ म्हणत असे. त्यांतली तिसरी देणगी म्हणजे दोन इंच बाजूचा एक लाकडी घन, जो एकेक इंचाच्या आठ सारख्या घनांचा बनलेला असतो. ती देण्याची रीतही ठरलेली होती. पेटी मुलापुढे उपडी ठेवायची, सरकते झाकण खालून ओढून घ्यायचे आणि पेटी अलगद वर उचलायची; मग टेबलावर अख्खा घन उभा राहतो. मूल तो मोडते, आठ तुकडे होतात, त्यांतून खुर्ची, पायरी किंवा विहीर उभी राहते आणि खेळ संपला की सर्व आठ तुकडे पुन्हा एक होऊन पेटीत जातात. आठाचे दोन चौक, चार दुक्कल किंवा आठ सुटे असे भाग मुलाच्या बोटांतून जातात, आणि एकही तुकडा हरवला तर घन पुरा होत नाही. मोजणीच्या ठोकळ्यांची पारख करताना आजही ही साधी पेटी कसोटीला पुरते.

मारिया माँतेस्सोरी यांनी १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेंझो वस्तीत पहिले बालगृह सुरू केले. त्यांच्या साहित्यातील गुलाबी मनोऱ्यात १ सेंटिमीटरपासून १० सेंटिमीटरपर्यंत बाजू असलेले दहा घन असतात. त्यात मोजणी थेट शिकवली जात नाही. एका वेळी एकाच गुणात, म्हणजे आकारमानात, होणारा बदल डोळ्यांना आणि तळहाताला जाणवून दिला जातो. प्रत्यक्ष मोजणीसाठी संख्यादांडे आहेत. सर्वांत लहान दांडा १० सेंटिमीटरचा आणि सर्वांत मोठा १ मीटरचा असून, प्रत्येकावर १० सेंटिमीटरचे लाल आणि निळे पट्टे आलटूनपालटून रंगवलेले असतात. यामुळे ‘पाच’ ही सुट्या वस्तूंची गर्दी न राहता एक अखंड वस्तू होते, जी उचलता येते आणि तरीही पाच भागांत मोजता येते. शेवटच्या शब्दात सगळी संख्या सामावते, हे जे तत्त्व मुलांना जड जाते, त्यावर याहून नेमका उपाय क्वचितच कोणी योजला असेल.

न्यूयॉर्कमध्ये कॅरोलाइन प्रॅट यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात एकक-ठोकळे रूढ केले. त्यांचा मूळ ठोकळा साडेपाच इंच लांब, पावणेतीन इंच रुंद आणि रुंदीच्या निम्म्या जाडीचा असतो. बाकीचे ठोकळे त्याच्या निमपट, दुप्पट, चौपट अशा मापांत कापलेले असतात. पूल बांधताना लांब ठोकळा सापडला नाही, की मूल दोन छोटे जोडून काम भागवते आणि ‘दोन म्हणजे एक मोठा’ हा हिशेब स्वतःच्या गरजेतून शिकते. बेल्जियममधील शिक्षक जॉर्ज क्विझनेर यांच्या १ ते १० सेंटिमीटर लांबीच्या रंगीत कांड्या १९५२ मधील त्यांच्या पुस्तकानंतर आणि कॅलेब गॅटेग्नो यांच्या प्रचारामुळे जगभर पोहोचल्या. त्या उत्तम आहेत, परंतु शाळकरी वयासाठी. त्यातला १ सेंटिमीटरचा पांढरा घन लहान मुलाच्या घशात अडकू शकतो. लेगो कंपनीने १९६९ मध्ये आणलेल्या ड्युप्लो ठोकळ्यांची लांबी, रुंदी आणि उंची नेहमीच्या लेगोच्या दुप्पट असल्याने ते लहान हातांना पेलतात. अशा अडकणाऱ्या ठोकळ्यांचे मनोरे ढासळत नाहीत, ही सोय आहे. पण वरच्या उंचवट्यांमुळे मोजायचे काय, ठोकळा की उंचवटे, असा गोंधळ होऊ शकतो, आणि तो मोठ्यांनी बोलून सोडवावा लागतो.

महाराष्ट्रात हा विचार ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी रुजवला. गुजरातमधील बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्यासोबत भावनगरला काम केल्यावर त्यांनी १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे (आता पालघर) जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. १९५७ मध्ये हे काम अनुताई वाघ यांच्या साथीने कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँतेस्सोरींचे साहित्य गावातल्या बालवाडीला परवडणारे नव्हते, म्हणून दगड, पाने, बिया, शिंपले अशा परिसरातल्या वस्तूंतून साधने घडवली गेली. अंगणवाडीची कल्पना याच कामातून आकाराला आली. खर्चिक पेटी नसली तरी मोजणी अडत नाही, हे त्यांनी करून दाखवले, आणि आजच्या पालकांनाही ते सांगण्यासारखे आहे: सुताराकडून चांगले घासून घेतलेले दहा सारखे तुकडे पुष्कळ कामाचे असतात. भातुकलीतील उतरंड आणि लगोरीच्या सात चकत्या यांतही रचणे आणि मोजणे एकत्र येते. लगोरी पुन्हा रचताना सातवी चकती चढेपर्यंत सगळ्यांचे डोळे मोजत असतात.

निवडीत सुरक्षितता सर्वांत आधी पाहावी. तीन वर्षांच्या आतील मुलांच्या खेळण्यांसाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाची नळी हे जगभर वापरले जाणारे माप आहे. तीत जो सुटा भाग पूर्ण मावतो तो घशात अडकण्याचा धोका मानला जातो. त्यामुळे साडेतीन ते पाच सेंटिमीटर बाजूचा ठोकळा घेणे बरे. त्याच्या कडा गोलसर हव्यात, लाकडाची कुसळे निघत नसावीत आणि ओल्या फडक्याने पुसल्यावर रंग फडक्याला लागू नये, कारण या वयात प्रत्येक ठोकळा तोंडात जातोच. भारतात १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक असून, यांत्रिक सुरक्षितता आणि रंगांतील घातक धातू यांची तपासणी आयएस ९८७३ या मानकानुसार होते. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना यातून सूट आहे, त्यामुळे कारागिराकडून थेट घेतलेल्या खेळण्यावर हे चिन्ह नसू शकते; तिथे रंगाची चौकशी स्वतः करावी. कर्नाटकातील चन्नपट्टणचे कातारी फिरत्या लाकडावर लाखेची रंगीत कांडी टेकवतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून पृष्ठभागावर बसते आणि गुळगुळीत, टिकाऊ रंग मिळतो. कातकामातून गोल वस्तू निघतात, म्हणून तिथल्या चकत्या आणि दंडगोल रचण्याच्या खेळासाठी विशेष चांगले.

यानंतर पाहायचा तो सारखेपणा. मोजणी शिकताना वस्तूंत एकच फरक असावा किंवा मुळीच नसावा. रंग, आकार, चित्र आणि आवाज असे सगळेच बदलत गेले, तर मुलाचे लक्ष ‘किती’वरून ‘कोणते’वर जाते. मानसशास्त्रज्ञ जुडी डिलोच यांनी दाखवले आहे, की एखादी वस्तू स्वतः जितकी आकर्षक, तितके लहान मुलाला ती दुसऱ्या कशाची तरी खूण म्हणून पाहणे कठीण जाते. डोळे, नाक आणि चाके असलेला ठोकळा ससा किंवा गाडीच राहतो, ‘तीनातला एक’ होत नाही. दोन किंवा तीन रंगांचे, प्रत्येक रंगाचे पाच किंवा दहा ठोकळे असलेला संच योग्य. शंभर ठोकळ्यांची पिशवी स्वस्त पडली, तरी सुरुवातीला त्यातले पाचच बाहेर काढावेत, कारण तीन-चारपर्यंतचे गट मूल न मोजता एका नजरेत ओळखू शकते आणि मोजणीची पायरी तिथूनच पुढे जाते. बटण दाबल्यावर आकडे म्हणून दाखवणारे ठोकळे या वयात टाळावेत. आवाज खेळण्याने केला, तर बोट आणि शब्द जुळवण्याचे काम मुलाच्या वाट्याला येतच नाही.

मोठ्यांचे बोलणे हा या साधनाचाच भाग आहे. ‘मोज बघू’ असे फर्मावण्यापेक्षा ‘आजीला दोन ठोकळे दे’, ‘तुझे तीन, माझे तीन’, ‘अजून एक चढवला तर?’ अशी कामाची वाक्ये उपयोगी पडतात. मोजून झाल्यावर सगळ्या ठोकळ्यांवरून हात फिरवत ‘हे झाले चार’ असे म्हणावे, म्हणजे शेवटचा शब्द एका ठोकळ्याचे नाव नसून सर्वांची संख्या आहे हे हळूहळू ध्यानात येते.

दहाच्या पुढे मराठी संख्यानामे अवघड होतात. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘पंचवीस’च्या जोडीला ‘वीस पाच’ असे वाचन दिले, तेव्हा त्यावर राज्यभर वाद झाला. ही चर्चा शाळकरी वयाची असली, तरी दहा ठोकळे एका दांड्यात अडकवता येणारा संच पुढे तिथेच उपयोगी येतो: दहाचे दोन दांडे मांडून त्यातला एक ठोकळा काढला, की ‘एकोणीस’ या शब्दातला ‘एक उणा वीस’ समोर दिसतो.

संच घेताना ठोकळ्यांइतकेच त्यांच्या पेटीकडेही पाहावे. कापडी पिशवीपेक्षा दहा ठोकळे नेमके बसतील असे उथळ लाकडी तबक चांगले. तीन वर्षांचे मूल खेळ आवरताना नऊ ठोकळे बसवते, रिकाम्या जागेवर बोट ठेवते आणि दहावा शोधायला पलंगाखाली वाकते.