पोळी एकटी दोषी नसते

आयुष्यभर पोळ्या पचवलेला माणूस एके दिवशी जेवल्यावर तासाभरात धावायला जातो आणि अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, दम लागतो. कधी रक्तदाब घसरून तो कोसळतो. तीच पोळी खाऊन घरी बसला तर काहीच होत नाही. त्यामुळे संशय उन्हावर जातो, दगदगीवर जातो, गव्हावर जातच नाही. ही असते व्यायामाशी जोडलेली गव्हाची ॲलर्जी.

ओमेगा-५ ग्लायडिन हे गव्हातलं प्रथिन बहुतेकदा याच्या मुळाशी असतं. या रुग्णांच्या मास्ट पेशींवर, म्हणजे ॲलर्जीची रसायनं साठवणाऱ्या पेशींवर, त्याला ओळखणारी आयजीई (ॲलर्जी घडवणारी) प्रतिपिंडं बसलेली असतात. व्यायाम, दारू, ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी यांमुळे हे प्रथिन आतड्यातून जास्त प्रमाणात रक्तात शिरतं, असं मानलं जातं. मग मास्ट पेशी हिस्टामिन ओततात, आणि त्याने सूज व गांधी उठतात. गव्हाची नेहमीची तपासणी इथे चकवू शकते. ओमेगा-५ ची आयजीई चाचणी वेगळी मागावी लागते.

पण गव्हाविरुद्धची अशी प्रतिपिंडं मुळात तयार का होतात? जपानमधल्या एका प्रकरणाने याचं अर्धं उत्तर तरी दिलं. तिथे चेहरा धुण्याच्या एका साबणात गव्हाचं प्रथिन आम्ल आणि उष्णतेने तोडून घातलं होतं. रोज फेस चोळता चोळता ते त्वचेतून आणि डोळ्यांतून शरीराच्या ओळखीचं झालं, तेही शत्रू म्हणून. पुढे हा साबण वापरणाऱ्या बायका पाव किंवा नूडल्स खाऊन हिंडल्या-फिरल्या की पापण्या टम्म सुजायच्या. २०११ मध्ये साबण परत मागवला गेला. रुग्णांचा आकडा २००० च्या वर गेला. साबण सुटल्यावर अनेकींची प्रतिपिंडं हळूहळू उतरली. मला यातली ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते: तोंडावाटे आलेलं अन्न शरीर सहसा आपलं मानतं, त्वचेतून घुसलेलं मानत नाही. इसब असलेल्या तान्ह्यांना अन्नाची ॲलर्जी जास्त का होते, हेही त्यामुळे समजतं.

सीलिएक आजार, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणं, हा निराळा. त्यात आयजीईचा संबंध नसतो.

उपचार म्हणजे आधी नेमकं निदान. व्यायामाशी जोडलेल्या ॲलर्जीत अनेकांना गहू कायमचा सोडावा लागत नाही. गहू खाल्ल्यावर किमान चार तास व्यायाम नको आणि वेदनाशामक गोळीही नको, एवढं पाळावं लागतं. मात्र झटका आलाच तर ॲड्रेनलिनचं इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला, ताबडतोब. सेट्रिझिनसारखी ॲलर्जीची गोळी घेऊन वाट पाहण्यात जीव जाऊ शकतो. लहान मुलांची गव्हाची ॲलर्जी बहुतेकदा वाढत्या वयात जाते. तोवर रवा, मैदा, शेवया आणि दलियाबरोबर हिंगाच्या डबीवरचे घटकही वाचा, कारण बाजारातल्या बऱ्याच हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं.