पोकेमॉन : इंडिगो लीग (पहिले पर्व)

‘पॉकेट मॉन्स्टर्स’ या जपानी ॲनिमेशन मालिकेचे पहिले पर्व. जपानबाहेर ही मालिका ‘पोकेमॉन’ या नावाने ओळखली जाते. पहिला भाग १ एप्रिल १९९७ रोजी टीव्ही टोकियो या वाहिनीवर दाखवला गेला. सुमारे ८० भागांचे हे पर्व जानेवारी १९९९ पर्यंत चालले. दिग्दर्शन कुनिहिको युयामा यांचे होते, कथेची मुख्य आखणी ताकेशी शुदो यांची आणि निर्मिती ओएलएम या स्टुडिओची. माणसांच्या पात्रांची रेखाटने सायुरी इचिइशी यांनी केली.

मालिकेच्या मुळाशी एक व्हिडिओ गेम आहे. सातोशी ताजिरी यांच्या गेम फ्रीक या कंपनीने बनवलेले ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ हे दोन गेम निन्टेन्डोच्या गेम बॉय या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी २७ फेब्रुवारी १९९६ रोजी विक्रीला आले. ताजिरी लहानपणी टोकियोजवळच्या माचिदा भागात किडे पकडत हिंडायचे आणि पकडलेले किडे मित्रांशी अदलाबदल करायचे. त्या नादातूनच गेमची कल्पना निघाली. गेममध्ये पोकेमॉन नावाचे १५१ प्रकारचे काल्पनिक प्राणी होते. ते जमवायचे, लढवायचे आणि दोन यंत्रांना जोडणाऱ्या तारेतून दुसऱ्या खेळाडूशी बदलून घ्यायचे. खेळाचे सूत्र सरळ होते : सगळे पकडा आणि सगळ्यांना हरवा. मालिकेने हेच जग घेतले, हीच स्पर्धा घेतली, पण तिचा नायक सगळे पकडतही नाही आणि सगळ्यांना हरवतही नाही. या पर्वाचे वेगळेपण इथेच आहे.

नायक मासारा गावचा दहा वर्षांचा मुलगा. ताजिरींच्या नावावरून त्याचे नाव सातोशी ठेवले आणि त्याच्या प्रतिस्पर्ध्याला निन्टेन्डोचे गेमकार शिगेरु मियामोतो यांच्यावरून शिगेरु हे नाव दिले. इंग्रजी आवृत्तीत हे दोघे ॲश आणि गॅरी झाले, गावाचे पॅलेट टाऊन झाले. भारतातल्या प्रेक्षकांना हीच नावे ठाऊक असल्यामुळे पुढे तीच वापरली आहेत.

पहिला भाग बारकाईने पाहण्यासारखा आहे. आयुष्यातला पहिला पोकेमॉन मिळण्याच्या दिवशीच ॲशला जाग येत नाही. धावत पळत, रात्रीच्या कपड्यांतच तो प्राध्यापक ओक यांच्या प्रयोगशाळेत पोहोचतो, तोवर नवशिक्यांसाठी ठेवलेले तिन्ही पोकेमॉन संपलेले असतात. उरलेला असतो एक पिकाचू, अंगात वीज असलेला उंदरासारखा पोकेमॉन. तो पोकेबॉलमध्ये, म्हणजे पोकेमॉन ठेवायच्या चेंडूत, शिरायला तयार नसतो आणि कुणाचे ऐकतही नाही. ॲश त्याला दोरी बांधून ओढत नेतो. वाटेत ॲश एका पक्ष्याला दगड मारतो आणि थोड्याच वेळात त्या पक्ष्यांचा सगळा थवा दोघांच्या मागे लागतो. पाऊस सुरू होतो, पिकाचू जखमी होऊन पडतो, आणि ॲश हात पसरून थव्यासमोर उभा राहतो. अंगावर घेण्यापलीकडे त्याच्याजवळ काहीच नसते. ते पाहून पिकाचू त्याच्या खांद्यावरून उसळतो आणि आकाशातली वीज खाली खेचतो. वादळ निवळल्यावर इंद्रधनुष्याकडे झेपावणारा एक सोनेरी पक्षी दोघांना दिसतो. पोकेमॉनची माहिती देणाऱ्या ॲशच्या यंत्रात त्या पक्ष्याची नोंदच नसते. तो होता हो-ओह, मूळ १५१ मध्ये नसलेला. ज्या गेममध्ये तो पुढे आला ते ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’ नोव्हेंबर १९९९ मध्ये निघाले. म्हणजे पहिल्याच भागात मालिकेने गेमच्या पुढे पाऊल टाकले होते.

इंडिगो लीग या स्पर्धेत उतरायचे तर कान्तो प्रदेशातल्या जिम नावाच्या आखाड्यांच्या प्रमुखांना हरवून आठ बॅज मिळवावे लागतात. ॲशने ते कसे मिळवले हे मोजून पाहावे. ब्रॉक या जिमप्रमुखाविरुद्धची लढत तो ऐन जिंकण्याच्या क्षणी सोडतो, कारण ब्रॉकची धाकटी भावंडे मध्ये येऊन त्याला अडवतात. बॅज त्याला नंतर ब्रॉक आपणहून देतो. ॲशची सोबतीण मिस्टी हिच्या बहिणींचा बॅज चोरांना पळवून लावल्याबद्दल मिळतो, एरिकाचा तिच्या जिमला आग लागली असताना तिचा पोकेमॉन वाचवल्याबद्दल. सब्रीनाच्या जिममध्ये तर हॉन्टर हे भूत त्या न हसणाऱ्या मुलीला हसवते आणि लढत तिथेच संपते. आठांपैकी निम्मे बॅज असे कृतज्ञतेचे आहेत. गॅरी त्याला यावरून हिणवत असतो आणि त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. पण लेखकांनी हे नकळत केलेले नाही. शुदो यांच्या कथारचनेत मैत्रीला निकालाइतकेच, बहुतेक वेळा निकालाहून अधिक, वजन आहे.

याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे चारमँडर हा पोकेमॉन. त्याच्या शेपटीच्या टोकाला ज्योत असते आणि ती विझली तर तो मरतो. अकराव्या भागात त्याचा मालक ‘परत येतो’ असे सांगून त्याला एका खडकावर बसवून निघून जातो. तो परत येणार नसतो. पाऊस लागतो आणि चारमँडर एका पानाच्या आडोशाला ती इवलीशी ज्योत सांभाळत वाट बघत राहतो. मुलांसाठीच्या मालिकेत विश्वासघात इतक्या साधेपणाने क्वचितच दाखवला गेला असेल. ॲश त्याला वाचवतो, तो ॲशचा होतो आणि गोष्ट इथे गोड होऊन थांबू शकली असती. पण मोठा होऊन चारिझार्ड झालेला हाच पोकेमॉन पुढे ॲशला जुमानेनासा होतो. लीगच्या पाचव्या फेरीत ॲशची गाठ रिची या मित्राशी पडते. दमलेल्या पोकेमॉनसह तो कसाबसा पोहोचलेला असतो, शेवटची भिस्त चारिझार्डवर असते, आणि चारिझार्ड भर मैदानात आडवा होऊन झोपतो. ॲश हरतो. शेवटच्या सोळांत येऊन नायक बाहेर पडतो आणि जवळपास दोन वर्षे चाललेल्या प्रवासाचे फळ एवढेच.

संग्रहाचेही तसेच. ॲशने पकडलेले पोकेमॉन बोटांवर मोजता येतील इतके आहेत आणि त्यांतलेही काही तो सोडून देतो. बटरफ्री या फुलपाखरासारख्या पोकेमॉनला त्याच्या थव्याबरोबर समुद्रापार जाऊ देण्याचा २१ वा भाग अनेकांच्या आठवणीत घर करून आहे. याला अपवाद ३० टॉरोसचा, म्हणजे बैलासारख्या पोकेमॉनचा. ते तो पस्तिसाव्या भागात एकाच फटक्यात पकडतो. त्या भागात बंदुका रोखलेल्या दिसतात, म्हणून अमेरिकेत तो दाखवला गेला नाही. हे टॉरोस आले कुठून, असा प्रश्न इंग्रजी आवृत्ती पाहणाऱ्यांना म्हणूनच पडत राहिला.

पिकाचू पळवण्यासाठी जवळजवळ प्रत्येक भागात येणाऱ्या ‘टीम रॉकेट’शिवाय हे पर्व अपुरे वाटले असते. या चोरटोळीतल्या जेसी आणि जेम्स यांची जपानी नावे मुसाशी आणि कोजिरो. सतराव्या शतकाच्या आरंभी गान्र्यू बेटावर द्वंद्व खेळलेल्या मियामोतो मुसाशी आणि सासाकी कोजिरो या तलवारबहाद्दरांची ती नावे. त्यांच्याबरोबर असतो माणसासारखा बोलणारा, मांजरासारखा पोकेमॉन मियाउथ. सतराव्या भागात पोकेमॉन आपसांत बोलतात आणि त्यांच्या बोलण्याचा अर्थ पडद्यावर अक्षरांतून उमटतो. दुष्टांच्या टोळीतल्या पोकेमॉनशीही पिकाचूचे सहज जमते, हे त्या भागात किती अलगद सांगितले आहे!

१६ डिसेंबर १९९७ ची संध्याकाळ दूरचित्रवाणीच्या इतिहासात नोंदली गेली. त्या दिवशीच्या ३८ व्या भागात ॲश आणि मित्रमंडळी संगणकाच्या आत शिरतात. पिकाचूच्या विजेने क्षेपणास्त्रे फुटतात आणि काही सेकंद सगळा पडदा सेकंदाला सुमारे १२ वेळा लाल-निळा लुकलुकतो. जपानभर मुलांना चक्कर, उलट्या, झटके असा त्रास झाला आणि ६८५ मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. बहुतेक जण लवकर बरे झाले. मालिका चार महिने बंद राहिली आणि १६ एप्रिल १९९८ रोजी पुन्हा सुरू झाली. तो भाग त्यानंतर कुठेही प्रसारित झालेला नाही. जपानी प्रसारकांनी लुकलुकणाऱ्या दृश्यांसाठी नियम केले, आणि टीव्ही उजेडात व लांब बसून पाहावा ही सूचना जपानी ॲनिमेशनच्या आरंभी येऊ लागली. त्या भागातला पोरिगॉन हा पोकेमॉन मालिकेतून जवळपास हद्दपार झाला, हे मात्र अन्यायाचेच. लुकलुकाट पिकाचूच्या विजेमुळे झाला होता.

अमेरिकेत इंग्रजी आवृत्ती ८ सप्टेंबर १९९८ पासून दाखवली जाऊ लागली. फोर किड्स एंटरटेनमेंट या कंपनीने नावे बदलली, संगीत बदलले आणि जपानी खुणा जमेल तिथे पुसल्या. २५ व्या भागात ब्रॉक हातात ओनिगिरी, म्हणजे भाताचे त्रिकोणी मुटके, घेऊन त्यांना जॅम भरलेले डोनट म्हणतो. पडद्यावर भात स्पष्ट दिसत असतो. मुलांना परका पदार्थ समजणार नाही ही भीती अनाठायी होती. ज्यांना शंभरावर विचित्र प्राण्यांची नावे पाठ होतात त्यांना एक भाताचा मुटका जड गेला नसता.

मालिकेचा प्रभाव उलट गेमवरही पडला. चौदाव्या भागात पिकाचूपुढे पर्याय ठेवला जातो : विजेचा दगड घे आणि रायचू हे आपले बलवान रूप घे. तो शेपटीने दगड उडवून लावतो आणि आहे तसाच लढून जिंकतो. सप्टेंबर १९९८ मध्ये निघालेल्या ‘यलो’ या गेममध्ये पिकाचू खेळाडूच्या मागे चालतो, पोकेबॉलमध्ये जात नाही आणि तो दगडही घेत नाही. मालिकेत ॲशला विश्वविजेतेपद मिळायला मात्र नोव्हेंबर २०२२ उजाडले.

भारतात ही मालिका २००३ च्या सुमारास कार्टून नेटवर्कवर हिंदीतून आली. महाराष्ट्रातल्या मुलांनी ती हिंदीतच पाहिली, तिच्यावर गप्पा मात्र मराठीत मारल्या. वेफर्सच्या पाकिटांतून निघणारे पोकेमॉनचे टाझो, म्हणजे चित्रांच्या चकत्या, मधल्या सुट्टीत बदलून घेतले जात, ताजिरींच्या किड्यांसारखेच. हिंदीत मुख्य पात्रांचे आवाज बदलले होते, एकाचा सोडून. ‘पिका, पिका’ हा आवाज जपानी आवृत्तीतल्या इकुए ओतानी यांचाच राहिला. इंग्रजीतही तोच होता.